परतीचा रकाना

सोमवार, २ डिसेंबर

सहासष्टाव्या वर्षी मला नोकरी लागली. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होताना भेट मिळालेली ही वही आठ वर्षं कोरी पडली होती. दूधवाला आला, दूधवाला गेला, याची रोजनिशी कोण ठेवतं? आज लिहिण्यासारखं घडलं.

पालघर स्टेशनवर नरहरी स्वतः गाडी घेऊन आला होता. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. गाडीच्या मागच्या काचेवर 'कॅप्टन एन. चुरी' असं रंगवलंय. ताई अंथरुणाला खिळली होती ती दोन वर्षं हा कॅप्टन माझ्याकडे होता आणि दर सकाळी बुटाच्या नाड्या लोंबत्या ठेवून माझ्यासमोर उभा राहायचा. एक फास, दुसरा फास, दोघांची गळाभेट, असं म्हणत मीच त्याला गाठ शिकवली. आता तो दुसऱ्यांच्या मुलांना विमान शिकवतो.

केळव्याच्या नारळ-सुपारीच्या वाड्या संपतात आणि मिठागरं सुरू होतात तिथे त्याची शाळा आहे. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, दोन विमानं. विमानं एवढीशी की दोन माणसं बसली की तिसऱ्याचा डबाही मावू नये. लोखंडी जिना चढून वर गेलं की चारही बाजूंनी काचा असलेली केबिन. तिथे माझी खुर्ची. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, आणि मधे पांढरीशुभ्र मिठाची शेतं. खालच्या खोलीत माझी कॉट, मच्छरदाणी आणि मोरी. मला आणखी काय हवं?

स्वयंपाक आणि झाडलोट इंदुबाई करते. डोंगराकडच्या पाड्यावरून येते आणि चारच्या आत निघते, ही अट तिने नरहरीलाही घातली आहे म्हणे. वेळेची एवढी पक्की बाई मला आवडली. तिने वालाचं बिरडं केलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

ऑक्टोबरात नाशिकला धाकट्या भावाकडे डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वाटलं होतं, आता आपण अडगळ. डोळ्यातला पडदा सुटला होता. तीन आठवडे पालथं पडून राहायचं, पेपर नाही, मोबाइल नाही. आज त्याच डोळ्याने समुद्रावरची होडी न् होडी दिसली. नरहरीचे उपकार कसे फेडू?

बुधवार, ४ डिसेंबर

काम समजलं. कैलास सर म्हणून शिकवणारे आहेत, अबोल आणि सरळ माणूस. त्यांनी तासभर बसून समजावलं.

मुलं विमान घेऊन जातात ती वेळ लिहायची, परत येतात ती वेळ लिहायची, आणि मधे रेडिओवर काही बोलली तर तेही लिहायचं. रजिस्टरला चार रकाने: गेलं, आलं, बिघाड, ड्यूटीवर कोण. एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं मी हेच केलं, फक्त तिथे वायर होत्या.

बिघाडांपैकी एक मुलांना फार घोटून शिकवतात. विमानाची वीज तयार करणारा अल्टरनेटर वर असताना बंद पडतो. समोर पिवळा दिवा लागतो. घाबरायचं नाही, कारण इंजिनाला ती वीज लागत नाही. यादी काढायची आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत बटणं बंद करायची, पुन्हा चालू करायची. तरी पिवळा दिवा गेला नाही तर बॅटरी संपेपर्यंतची मिनिटं हातात असतात आणि मग रेडिओ जातो. मी विचारलं, मग विमान पडतं का? कैलास सर म्हणाले, पडत नाही, मुकं होतं.

मुकं झालेलं विमान धावपट्टीवर घिरट्या घालतं आणि खालून कोणी हिरवा दिवा दाखवायची वाट बघतं. त्यासाठी एक जडसा हातदिवा आहे, पिस्तुलासारखा धरायचा. ज्या विमानावर रोखाल त्यालाच दिसतो, आणि ज्याला हिरवा मिळाला त्याला बाकीच्यांनी वाट द्यायची. दिवा केबिनमधल्या लोखंडी कपाटात असतो, किल्ली खिळ्यावर. दुसऱ्या शाळांत दिवा नसला तरी पोरं डोळ्यांनी बघून उतरतात. नरहरीचा नियम कडक: हिरवा दिसल्याशिवाय चाक टेकवायचं नाही. मला हे पटलं. आमच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टा घंटा वाजवेपर्यंत आम्ही पेन्सिल खाली ठेवत नसू, एकदा हाताला मुंग्या आल्या तरी.

नरहरीने आणखी एक काम दिलं. पावसाळ्याअखेरीस शेड गळली आणि रजिस्टर भिजलं. त्याने त्यातल्या नोंदी चिठ्ठ्यांवर उतरवून ठेवल्या आहेत. एक ऑक्टोबरपासूनची सगळी पानं नव्या रजिस्टरमध्ये फेअर कॉपी करायची. म्हणाला, मावशी, तुझ्या अक्षरासारखं अक्षर या जिल्ह्यात नाही.

खरंच नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

फेअर कॉपी पूर्ण. कुठेही खाडाखोड नाही. एकेका पानाकडे बघून आमच्या सिस्टर हसल्या असत्या, आणि त्या सहसा हसत नसत.

एकच नोंद खटकली. १७ ऑक्टोबर, गुरुवार. गेलं १५.१०. बिघाडाच्या रकान्यात लिहायचं होतं: वीज बंद, रेडिओ बंद, हिरवा दिवा १६.३८ पासून सतत दाखवला, वैमानिकाने दुर्लक्ष केले. आणि आलं हा रकाना रिकामा. मी नरहरीला वर बोलावून विचारलं, गेलेलं विमान आलं नाही असं कसं? तो हसला. म्हणाला, तो सराव होता, खोटा बिघाड, वेळ बघून भरतो मी. रिकामा रकाना मला घशात अडकलेल्या काट्यासारखा वाटतो, पण त्याने सांगितलं म्हणून सोडून दिला.

ड्यूटीच्या रकान्यात सही कुणाची करायची, हेही विचारलं. तो म्हणाला, लिहिलं तू, मग तूच कर, नुसती रीत आहे. मी सगळ्या पानांवर 'पुष्पलता सावे' अशी सही केली. हातासरशी.

मूळ चिठ्ठ्या त्याने फाडून टाकायला सांगितल्या होत्या. एक्स्चेंजमध्ये मूळ कागद फाडणाऱ्याला मी मेमो देत असे. ट्रंकेत वर्तमानपत्राखाली ठेवल्या आहेत.

संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास एक विमान डोक्यावरून गेलं. दोन्ही विमानं शेडमध्ये होती. कुणी पाहुणा असेल. वेळ लिहून ठेवली, १६.३८.

बुधवार, ११ डिसेंबर

पाहुणा रोज येतो. रोज १६.३८. बरोबर चाळीस मिनिटं घिरट्या घालतो आणि समुद्राकडे आवाज एकदम बंद होतो. विरत जात नाही, बंद होतो. दिसत मात्र नाही, कारण त्या वेळी ऊन थेट काचेवर असतं.

मी नरहरीला रीतसर विचारलं. परवानगी नसलेलं विमान आपल्या पट्टीवर घिरट्या घालतंय आणि उत्तरेला अणुकेंद्राची हद्द, तिकडे नाक वळवलं तरी दिल्लीपर्यंत फोन जातात. तक्रार कुठे करायची? तो म्हणाला, केळव्याच्या बीचवर मुंबईवाल्यांना मोटारीच्या छत्रीतून उडवतात, त्याचा आवाज असेल. आणि लगेच, मावशी, डोळा कसा आहे आता?

डोळ्याने आवाज ऐकू येत नाही हे या पायलटला कोणी सांगावं?

आज मी ऐकत बसले नाही, बघत बसले. आकाशाकडे नाही, खाली. मिठागरांवरून सावली गेली. पंख, शेपटी, सगळं स्वच्छ, पांढऱ्यावर काळं. ती धावपट्टीच्या कडेने वळली आणि पुन्हा आली. वर बघितलं. वर काही नव्हतं.

नोकरीवर नऊ दिवस झाले. मी भित्री बाई नाही. लिहून ठेवते आहे, एवढंच.

सोमवार, १६ डिसेंबर

आज खरा बिघाड झाला.

प्रियंका आणि कैलास सर १५.५५ ला गेले. प्रियंका बोईसरची, वडील कारखान्यात, मूळचे साताऱ्याकडचे. गोड पोरगी आहे. १६.२० ला तिचा रेडिओवर आवाज: पिवळा दिवा लागलाय, यादी वाचते. तिने ओळी वाचल्या त्या मला ऐकू येत होत्या. यंत्रं बंद. मुख्य बटण बंद. मुख्य बटण चालू. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. पिवळा दिवा गेला, मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तीन मिनिटांनी पुन्हा लागला. मग ती म्हणाली, बॅटरी वाचवायला सगळं बंद करते, पट्टीवर येऊन दिव्याची वाट बघते. त्यानंतर नुसती खरखर, मग खरखरही नाही.

मी कपाट उघडलं. दिवा काढला. केबिनबाहेरच्या गॅलरीत उभी राहिले. विमान आलं, मी हिरवा रोखला, त्याने पंख हलवून पोच दिली. खाली आलं, आणखी खाली, आणि चाक टेकणार तोच मोठ्याने गुरगुरत पुन्हा वर गेलं. माझा पारा चढला. दिवा दिला, तरी? दुसऱ्या फेरीला नीट उतरले.

प्रियंका घामाने निथळत जिना चढून आली, मागे कैलास सर. नियमाप्रमाणे तिने बिघाडाची हकिकत सांगितली, मी लिहून घेतली. मग तिने खाली सही करून पेन ठेवलं आणि विचारलं,

"मॅडम, आमच्या पुढे कोण होतं?"

मी म्हटलं, कोणी नव्हतं. ती म्हणाली, होतं. आपल्यासारखंच पांढरं विमान. आपल्याच पट्टीवर उतरायला निघालेलं आणि उतरत नव्हतं, म्हणून आम्हाला पुन्हा वर जावं लागलं. दुसऱ्या फेरीला आमच्यावर हिरवा दिवा बघून ते बाजूला झालं. शहाण्यासारखी वाट दिली त्याने.

मी कैलास सरांकडे बघितलं. ते बुटांकडे बघत होते.

विमान पुन्हा वर गेलं तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं. १६.४१.

मंगळवार, १७ डिसेंबर

इंदुबाईला सकाळीच दार लावून समोर बसवलं. तिने आधी टाळाटाळ केली. मग ओल्या हातांनी पदर पिळत सगळं सांगितलं.

घिवलीच्या नाखवाची मुलगी, उन्नती तांडेल. वय एकोणीस. १७ ऑक्टोबरला एकटीच लांबच्या फेरीवर गेली होती. परतताना विमान मुकं झालं. ती पट्टीवर आली आणि घिरट्या घालू लागली. केबिनला कुलूप होतं. दिवा कपाटात, कपाटाची किल्ली ड्यूटीवरच्या माणसाच्या खिशात, आणि ड्यूटीवरचा माणूस, म्हणजे नरहरीच, केळव्याला मित्रांसोबत जेवायला. कैलास सर दुसऱ्या पोराला घेऊन वर होते, लांब.

इंदुबाई एकटी खाली. हिरवं लुगडं होतं अंगावर.

"आमी पदर सोडून हालवला, मावशी. लई हालवला. ती बघत व्हती, आमाला तिचा तोंड दिसं. पन तिला दिवाच पायजे व्हता."

चौदा फेऱ्या मारल्या. इंदुबाईने मोजल्या. चौदाव्या फेरीला पेट्रोल संपलं, विमान समुद्रावर होतं.

उतरली का नाही ती? पट्टी रिकामी होती, ऊन होतं, येत होतं तिला सगळं. इंदुबाई म्हणाली, सप्टेंबरात सरावाच्या वेळी ती एकदा दिव्याशिवाय उतरली होती. नरहरीने सगळ्यांसमोर तिला पट्टीवर तासभर उभं केलं आणि तीन आठवडे विमानाला हात लावू दिला नाही.

मला सिस्टर बेनेडिक्टांची घंटा आठवली. मी असते तर मीही घिरट्या घातल्या असत्या.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. ड्यूटीवर कोण, या रकान्यात त्या दिवशी कुणाचं नाव आहे.

माझं. माझ्याच सुंदर अक्षरात.

गुरुवार, १९ डिसेंबर

चौकशीचं पत्र आलं. मंगळवारी, २४ तारखेला, अधिकारी येणार. 'दि. १७ ऑक्टोबर रोजी ड्यूटीवर असलेल्या श्रीमती पुष्पलता सावे' यांनी रजिस्टर घेऊन हजर राहायचं.

नरहरीसमोर पत्र ठेवलं. मला वाटलं होतं, रडेल. माझ्या पाया पडेल. मी त्याला दोन थोबाडीत देईन आणि मग आम्ही दोघं मिळून काय ते करू. त्याने पत्र घडी घालून परत दिलं. म्हणाला, मावशी, तुझ्या वयाच्या बाईला कोण काय करणार? म्हातारी आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दिवा दाखवला पण जरा उशीर झाला, असं म्हणायचं. ताकीद देऊन सोडतील. माझा परवाना गेला तर शाळा गेली.

सगळं आधीच ठरवलं होतं, माझं नावही त्यानेच कळवलं होतं. भाऊबीजेला ओवाळून घ्यायला नाशिकला आला, माझा डोळा कसा आहे म्हणून पाच वेळा विचारलं, ते यासाठी.

धाकट्या भावाला फोन केला. त्याला अपघाताचं माहीत होतं. तुला त्रास नको म्हणून बोललो नाही, म्हणाला. सगळे माझा त्रास वाचवतायत.

मी जाणार नाही इथून. मी गेले तर रजिस्टर तसंच राहील आणि त्यात मी राहीन. चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे, त्याच्या हाताच्या. आणि नाशिकच्या इस्पितळाचं कार्ड आहे, सतरा तारखेला मी पालथी पडून फरशी बघत होते याचं.

आवाज आज खूप खाली होता. काचा थरथरल्या. केबिनभोवती फिरत होता, पट्टीभोवती नाही.

तीही रजिस्टर वाचते की काय?

शुक्रवार, २० डिसेंबर

चिठ्ठ्या नाहीत. ट्रंक नीट लावलेली, वर्तमानपत्र नीट घडी घातलेलं, खाली काही नाही. दुपारी मी वर असताना तो माझ्या खोलीत बसून चहा प्यायला, इंदुबाईने सांगितलं. कप धुवून ठेवला होता. ती सवय मी लावलेली.

१६.३८. काचेजवळून गेलं. रेडिओ बंद असताना त्यातून खरखर आली. आणि खरखरीत श्वास. कोणीतरी यादी वाचतंय — यंत्रं बंद. मुख्य बटण बंद. मुख्य बटण चालू. मग पुन्हा पहिल्यापासून.

रजिस्टर उघडलं. १७ ऑक्टोबरचा रिकामा रकाना ओला आहे. बोट लावून चाखलं. खारट.

रविवार, २२ डिसेंबर

ठरवलं. तिला खाली आणायचं. एवढंच राहिलंय तिचं. दिवा रोखायचा, हिरवा, आवाजाच्या रोखाने, आणि ती आली की तिची हकिकत नियमाप्रमाणे लिहून घ्यायची. काल करणार होते, धीर झाला नाही.

हे मी नरहरीला सांगितलं. का सांगितलं? अजूनही वाटलं की तो म्हणेल, थांब, मीही येतो.

त्याचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा कळलं की त्यालाही ऐकू येतं. पहिल्यापासून. म्हणून साडेचारला तो कधीच इथे नसतो. म्हणून ती केबिन, ती खुर्ची, ती वेळ माझी.

त्याने कपाटाला कुलूप लावून किल्ली खिळ्यावरून काढली आणि खिशात घातली. दिवा म्हणजे खेळणं नाही, म्हणाला.

आज आवाज थांबला नाही. चाळीस मिनिटं झाली, पन्नास, अंधार पडेपर्यंत —

सोमवार, २३ डिसेंबर

१५.५०. नरहरी एकटा वर गेलाय. प्रियंकाचं विमान दुरुस्त झालं त्याची चाचणी उद्याच्या आधी कागदावर हवी. तासाभरापुरतं पेट्रोल घेतलं, आणखी थोडं. सव्वाचारला खाली येतो म्हणाला. कैलास सर प्रियंकाला घेऊन बोईसरला. इंदुबाई गेली.

१६.१२. रेडिओवर नरहरी. पिवळा दिवा लागलाय. आवाजात चीड. यादी वाचली नाही त्याने.

१६.१९. वीज जातेय, येतो, म्हणाला. नंतर काही नाही.

१६.३१. आला. पट्टीच्या रेषेत. त्याला दिव्याची गरज नाही. नियम पोरांसाठी. खाली आला — आणि वर गेला.

१६.३८. दोन आवाज.

१६.४०. पुन्हा खाली, पुन्हा वर. पट्टीवर काही नाही. मला काही दिसत नाही. त्याला दिसतंय. ती पुढे आहे. तिचा नंबर पहिला. हिरवा मिळाल्याशिवाय ती उतरणार नाही आणि ती उतरल्याशिवाय तो —

किल्ली त्याच्या खिशात आहे.

किल्ली वर आहे.

१६.४६. त्याचा मोबाइल खाली टेबलावर वाजतोय. मीच लावलाय. कैलास सरांना लावला, निघतो म्हणाले, चाळीस मिनिटं. कपाटाला सळई घातली. पत्रा वाकतो, कुलूप नाही.

सातवी फेरी.

फाइलचं हिरवं प्लॅस्टिक टॉर्चवर धरून गॅलरीत उभी राहिले. उन्हात काही दिसत नाही. त्याने मला बघितलं. मी त्याचं तोंड बघितलं. नाड्या पुढे करून उभा राहायचा तेव्हाचं.

हिरवी साडी नाही माझ्याकडे. पिवळी हलवली.

दहा.

ड्यूटीच्या रकान्यातलं नाव खोडायला रजिस्टर उघडलं होतं सकाळी. नवीन पान. आजची तारीख, गेलं १५.५०, आलं रिकामं. ड्यूटीवर पुष्पलता सावे. आजची सही खरी आहे. आज खरंच मीच आहे ड्यूटीवर. दिवा दाखवला नाही. हे खरं आहे. तिलाही हे खरंच —

बारा. इंजिन खोकतंय. कुणाचं?

नरू, तिच्या मागे नको राहू. समुद्राकडे नको वळू, इकडे, मिठागरात उतर, मिठागरात —

तेरा.

कपाटाचं दार थोडं उघडलंय, हात जातोय आत, दिवा लागतोय बोटांना, ओढते आहे, येतोय, हिरवा, कुणावर रोखू, पुढच्यावर की —

चौदा